फेणे मोठा झाला, आता पोरांचे काय?

गेल्या महिन्यातील एका रविवारची गोष्ट. आमच्या वस्तीतील विहाराच्या मागच्या खोलीत मुलांसाठी छोटेसे वाचनालय चालते. वाचनालय म्हणजे दोन लोखंडी कपाटे, एक सतरंजी आणि नोंदीची वही. वंदना आटोपली की आम्ही तासभर तिथे बसतो. मुले पुस्तके परत करतात, नवी नेतात, आणि जाता जाता असे काही विचारून जातात की आमचा उरलेला आठवडा त्याच विचारात जातो.

त्या दिवशी सातवीतला एक मुलगा ‘बालबहाद्दर फास्टर फेणे’ परत करायला आला. पुस्तकाचे कव्हर आधीच निघाले होते, आता पहिले पानही सुटले होते. त्याने वडिलांच्या मोबाईलवर फेणेचा सिनेमाही पाहिला होता. म्हणाला, “काकाजी, याचा दुसरा पार्ट कवा येते?”

आम्ही म्हटले, “आम्हाले काय माहीत बाप्पा! सिनेमावाल्यांनाच विचारावं लागेल.”

मागे एक मुलगी कपाट लावत होती. तीही सातवीतलीच. ती तिथूनच बोलली, “दुसरा पार्ट कसा काय येईन? पुस्तकात फेणे आमच्याएवढा आहे. सिनेमात तो डॉक्टरकीची परीक्षा देते. तो तं मोठा झाला ना! मंग दुसऱ्या पार्टात आमच्याएवढं कोण राहीन?”

मुलगा गप्प झाला. खरे सांगायचे तर आम्हीही गप्प झालो. म्हणून आजचा मजकूर या प्रश्नावर.

आमच्या घरात रहस्यकथा शिरली ती वडिलांमुळे. वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. दुसरी पाळी करून रात्री घरी आले की जेवण झाल्यावर कंदिलाशी बसून बाबुराव अर्नाळकरांची एखादी कादंबरी काढत. पुस्तक विकत घेण्याची ऐपत नव्हती. भाड्याच्या वाचनालयातून दिवसाच्या बोलीवर आणलेले पुस्तक एका रात्रीत चार घरे फिरून सकाळी परत जाई. मिलमधल्या माणसाला झुंजार माहीत होता, काळा पहाड माहीत होता. शाळा चौथीतच सुटलेली माणसे ही पुस्तके वाचता वाचता वाचायला शिकली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

अर्नाळकरांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. इंग्रजी रहस्यकथांतून बीज घ्यायचे आणि ते मुंबईच्या मातीत पेरायचे, ही त्यांची रीत होती. मोठ्या साहित्यिकांच्या बैठकीत या पुस्तकांना मान नव्हता. परंतु कामगाराच्या उशाखाली होती ती हीच पुस्तके. आमची आई वाचू शकत नव्हती. पण वडील वाचून दाखवू लागले की ती भाकरी थापता थापता सांगून टाकायची, “तो मुनीम खोटं बोलून राह्यला.” आणि पुष्कळ वेळा तिचे खरे निघायचे! घरोघर भांडी घासणाऱ्या बाईला खोटे बोलणारा माणूस लवकर ओळखू येतो, हे आम्हाला तेव्हापासून ठाऊक आहे.

आता फास्टर फेणे. भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांनी हा पोरगा मराठी मुलांना दिला. त्याचे नाव बनेश फेणे, गाव पुण्याजवळचे फुरसुंगी, अंगाने काडीपैलवान, बुडाखाली सायकल आणि तोंडात जिभेने काढलेला ‘ट्टॉक्’ असा आवाज. त्याच्या हाती पिस्तूल नाही आणि मागे मोटारगाडीही नाही. त्याच्याजवळ दोन डोळे आहेत, दोन पाय आहेत आणि ‘असे का?’ हा प्रश्न आहे. एवढ्या भांडवलावर तो प्रतापगडावर जातो, गुलमर्गला जातो आणि भल्याभल्यांना पकडून देतो. १९८७ साली तो दूरदर्शनवर आला, तेव्हा सुमीत राघवन या मुलाने ते काम केले. वस्तीत टीव्ही मोजकेच होते. एकेका घराच्या दारात तीस-तीस पोरे उभी राहत.

त्यानंतर तीस वर्षांनी, २७ ऑक्टोबर २०१७ रोजी, फेणेचा सिनेमा लागला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, फेणेच्या कामात अमेय वाघ आणि खलनायक गिरीश कुलकर्णी. खुद्द भागवतांनाही त्यात एक पात्र केले आहे आणि ते काम दिलीप प्रभावळकरांनी केले आहे. सिनेमातला बनेश वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा द्यायला पुण्यात येतो. परीक्षेच्या वेळी भेटलेला एक मुलगा पुढे मेलेला आढळतो. सगळे म्हणतात, आत्महत्या. बनेशला ते पटत नाही. तो माग काढत जातो आणि प्रवेशाच्या काळ्या धंद्यापर्यंत पोचतो.

सिनेमा आला तेव्हा काही जुने वाचक नाराज झाले. ‘आमचा शाळकरी फेणे कुठे गेला?’ असे म्हणू लागले. आमचे मत निराळे आहे. भागवतांची कथा जशीच्या तशी पडद्यावर ठेवली असती तर ती जुन्या फोटोसारखी दिसली असती. सिनेमावाल्यांनी पोराचे वय बदलले, काळ बदलला, गुन्हा बदलला. मात्र ‘सगळे म्हणतात म्हणून मी मानणार नाही’ हा पोराचा हट्ट बदलला नाही. फेणेचा जीव त्याच हट्टात आहे. जुन्या कथेचा सिनेमा करताना काय सोडावे आणि काय धरून ठेवावे, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आणि गुन्हा कोणता निवडला ते पाहा. ५ मे २०२४ रोजी देशभर नीटची परीक्षा झाली. २३ लाखांवर मुले बसली. ४ जूनला निकाल लागला तेव्हा तब्बल ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण! पुढे पेपर फुटल्याचे उघड झाले, तपास सीबीआयकडे गेला. पाटणा आणि हजारीबाग येथे पेपर फुटला हे सर्वोच्च न्यायालयाने जुलैमध्ये मान्य केले, परंतु सगळी परीक्षा रद्द करण्यास नकार दिला. आमच्या गल्लीत एक मुलगी त्या परीक्षेला बसली होती. वडील ई-रिक्षा चालवतात, आई दोन घरी स्वयंपाक करते. बचत गटाचे कर्ज आणि भिशीचे पैसे घालून क्लास लावला होता. त्या आठवड्यात ती आम्हाला म्हणाली, “काकाजी, मी रात्रंदिवस वाचलं. आता माझे मार्क खरे आहेत हे मी कोणाले दाखवू?” आमच्याजवळ उत्तर नव्हते.

म्हणून आम्ही म्हणतो की २०१७ च्या सिनेमाने गुन्हा बरोबर ओळखला. मोत्याचा हार चोरीला गेला तर एका शेटजीचे नुकसान होते. जागा चोरीला गेली तर ज्या घरात पहिल्यांदा डॉक्टर होणार होता, त्या घराचे वीस वर्षांचे कष्ट चोरीला जातात. अशा चोरीचा तपास करणारा पोरगा आमच्या मुलांना आपला वाटणारच.

आता दुसऱ्या भागाकडे येऊ. पहिला सिनेमा चालला की दुसऱ्याची मागणी होते, ही काही आजची रीत नव्हे. शेरलॉक होम्सचे लेखक कॉनन डॉयल होम्सला कंटाळले होते. १८९३ साली त्यांनी त्याला धबधब्यात पाडून संपवून टाकले. वाचकांनी दहा वर्षे पिच्छा पुरवला. शेवटी १९०३ साली होम्सला जिवंत करून परत आणावे लागले! त्याच धबधब्याच्या कथेवर २०११ साली इंग्रजी सिनेमाचा दुसरा भाग निघाला. आमच्या हिंदीवाल्यांनी होम्सच्या कुत्र्याच्या कथेवरून १९६२ मध्ये ‘बीस साल बाद’ काढला आणि इंग्लंडचे माळरान उचलून आपल्या हवेलीत आणून ठेवले. तो इतका चालला की पुष्कळांना मूळ कथा साहेबाची आहे हे ठाऊकही नव्हते.

परंतु रहस्यकथेचा दुसरा भाग कसा काढावा, हे शिकायचे असेल तर सत्यजित राय यांच्याकडे पाहावे. राय यांनी स्वतःच मुलांसाठी फेलूदा हा हेर निर्माण केला, आणि त्याच्या कथांवर स्वतःच दोन सिनेमे काढले. ‘सोनार केल्ला’ १९७४ साली आणि ‘जय बाबा फेलुनाथ’ १९७९ साली.

पहिली गोष्ट अशी की पुस्तकात शेवटपर्यंत झाकून ठेवलेला गुन्हेगार राय यांनी ‘सोनार केल्ला’च्या पडद्यावर लवकरच दाखवून टाकला. का? कारण ज्याने पुस्तक वाचले आहे त्याला ‘कोण?’ हे माहीतच असते. मग त्याने तिकीट कशाला काढावे? गुन्हेगार कोण हे कळल्यावर प्रेक्षक ‘आता हा सापडेल कसा?’ आणि ‘त्या लहान पोराचे काय होईल?’ म्हणून खुर्चीला खिळून राहतो. पुस्तकातील गुपित एकदा फुटले की संपले. पोराची काळजी मात्र दहाव्यांदा पाहतानाही वाटते.

दुसरी गोष्ट. दुसऱ्या भागात राय यांनी आपल्या हेराचा आधी अपमान होऊ दिला. काशीचा धनाढ्य मगनलाल मेघराज (हे काम उत्पल दत्त यांनी केले) फेलूदाला घरी बोलावतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या साध्याभोळ्या मित्राला, जटायूला, फळीपुढे उभे करून त्याच्या अवतीभोवती सुरे फेकायला लावतो. फेलूदा काही करू शकत नाही. या अपमानाचा हिशेब चुकता केला नाही तर हा धंदाच सोडीन, असे तो म्हणतो. आजकाल दुसरा भाग म्हणजे जास्त मोटारी, जास्त गोळीबार आणि जास्त उंच उडी. राय यांनी उलटे केले. त्यांनी नायकाला दुबळे केले, म्हणून त्याचे जिंकणे खरे वाटले.

तिसरी गोष्ट लहान मुलांची. या दुसऱ्या सिनेमात गुन्ह्याच्या मधोमध एक लहान मुलगा आहे, आणि त्याच्या डोक्यात हेरकथाच भरलेल्या आहेत. मोठी माणसे मूर्ती शोधत फिरतात, आणि सारा घोळ या पोराच्या खेळातून झालेला असतो.

आणि चौथी गोष्ट, थांबण्याची. जटायूचे काम करणारे संतोष दत्त यांनी ते असे केले की राय पुढे पुस्तकातील चित्रांतही जटायूला त्यांचाच चेहरा देऊ लागले. १९८८ साली संतोष दत्त गेले. त्यानंतर राय यांनी फेलूदाचा सिनेमा काढला नाही. माणूस बदलून गल्ला भरता आला असता. त्यांनी भरला नाही.

आता त्या मुलीचा प्रश्न. फेणे मोठा झाला. त्याला पुन्हा लहान करता येत नाही. मग दुसऱ्या भागात ‘आमच्याएवढं कोण?’

याचे उत्तर शोधताना आम्हाला होम्सच्याच कथेतील एक गोष्ट आठवली. १८८७ साली आलेल्या होम्सच्या पहिल्याच पुस्तकात लंडनच्या रस्त्यावरची फाटक्या कपड्यांची पोरे येतात. विगिन्स नावाचा एक पोरगा त्यांचा म्होरक्या. होम्स म्हणतो की पोलीस दिसला की लोक तोंड बंद करतात, पण ही पोरे कुठेही जातात आणि सगळे ऐकतात. पुढच्या पुस्तकात नदीवरची एक बोट शोधायची असते, तेव्हा तो त्यांना रोजचा एक-एक शिलिंग देतो. पोरे घाट पालथे घालतात. परंतु कथेचे श्रेय जाते होम्सला. विगिन्स सोडला तर त्या पोरांना नावेसुद्धा नाहीत.

आम्हाला हे लागले. आपल्या घरची पोरे अशीच आहेत. गल्लीत कोणता माणूस नवा आला, रेशनच्या दुकानी धान्य कधी उतरले आणि रात्रीतून कुठे गेले, नळ कोणी बंद केला, हे सगळे त्यांना माहीत असते. मोठ्यांना नसते. मग आजवरच्या रहस्यकथांत ही पोरे निरोप्या म्हणून का येतात? चहा आणणारा, बातमी देणारा, शेवटी पाठीवर थाप घेऊन निघून जाणारा, एवढेच त्यांचे काम का? शिलिंग त्यांचा आणि नाव दुसऱ्याचे, हा व्यवहार कधीपर्यंत चालायचा?

कोणी म्हणेल, वस्तीच्या पोरांवर सिनेमा कोण पाहणार? आमच्या नागपूरनेच याचे उत्तर दिले आहे. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ मार्च २०२२ मध्ये लागला. नागपूरच्या झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलला लावणारे प्रा. विजय बारसे यांच्या कामावर तो आधारलेला होता. अमिताभ बच्चन यांच्यासमोर नागपूरची वस्तीतली पोरे उभी राहिली आणि कुठेही कमी पडली नाहीत. त्यांना आमची भाषा बोलायला कोणी शिकवावे लागले नाही. बच्चनांचे नाव पाहून तिकीट काढलेली माणसे बाहेर आली ती त्या पोरांविषयी बोलत.

तेव्हा आमचे म्हणणे साधे आहे. फेणेचा दुसरा भाग कधी काळी निघालाच, तर मोठ्या झालेल्या फेणेला मोठाच राहू द्या. त्याला थोडा चुकू द्या, एकदा हरूही द्या. आणि तो चुकतो तिथे एखाद्या सातवीतल्या पोराने किंवा पोरीने त्याला थांबवून विचारावे, “पण दादा, असं का?” शाळकरी फेणेचे काम आता त्या पोरीने करावे, आणि शेवटी नाव तिचे लागावे. असे झाले तर भागवतांचा फेणे पुढे गेला असे आम्ही म्हणू. नुसत्या मोटारी उडाल्या तर तो संपला.

आईवडिलांना दोन शब्द. ‘हेरकथा वाचून पोरगं बिघडते, त्यापेक्षा अभ्यासाचं वाचावं’ अशी तक्रार आमच्याकडे नेहमी येते. अभ्यास झालाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण रहस्यकथा मुलाला शिकवते ते अभ्यासाच्याही कामाचे आहे. सांगणारा मोठा आहे म्हणून त्याचे खरे मानू नये, पुरावा पाहावा, आपल्या डोळ्यांनी तपासावे, आणि आपला अंदाज चुकला तर तो सोडून द्यावा. ऐकीव आहे, परंपरेने चालत आले आहे, किंवा गुरू सांगतो, एवढ्यावरून काही मानू नका, असे भगवंतांनी कालामांना सांगितले ते आपण विहारात ऐकतोच. तेच पोरगे घरी येऊन पुस्तकात वाचत असेल तर त्याच्या हातातले पुस्तक ओढू नका. फक्त रात्री दहानंतर दिवा बंद करा!

आणखी एक. मुलाच्या हातात मोबाईल असतोच. सिनेमा पाहू द्या, पण आधी पुस्तक वाचायला लावा आणि मग विचारा, “सिनेमावाल्यांनी काय बदललं? तू असता तर काय बदललं असतं?” एवढ्या दोन प्रश्नांनी पाहणारे पोर विचार करणारे पोर होते. आमच्या आईने भाकरी थापताना हेच केले होते. तिला अक्षर येत नव्हते, पण मुनीम तिने पकडला होता.

त्या रविवारी आम्ही दोन्ही मुलांना कोरे कागद दिले आणि म्हटले, “दुसरा पार्ट येत नाही तर तुम्हीच लिहा.” पुढच्या रविवारी मुलाने चार पाने आणली. त्यात दोन हेलिकॉप्टर होते आणि सगळे गुन्हेगार मेले. मुलीने दीडच पान लिहिले. तिच्या कथेत मोठा फेणे एका पेपरफुटीचा तपास करायला नागपूरला येतो, सीताबर्डीवर उतरतो आणि रस्ता चुकतो. त्याला रस्ता दाखवायला एक पोरगी सायकल घेऊन पुढे होते. ती भावाची सायकल आहे, तिची साखळी सारखी उतरते. तिच्या ताईचाच पेपर फुटलेला असतो. फेणे संशय घेतो भलत्यावर. ती म्हणते, “त्यानं नाही केलं. त्याचे पाय पाहा, तो चालत आला आहे. ज्यानं केलं तो गाडीवर आला.”

इथे कागद संपला. आम्ही विचारले, “पुढे?”

म्हणाली, “पुढच्या रविवारी सांगतो ना! आत्ताच सांगितलं तं तुम्ही वाचाल काहून?”

वाचकहो, रहस्यकथेचा दुसरा भाग कसा लिहावा हे तिला आमच्याआधी कळले आहे. आपल्याही घरात असा एखादा हेर असेल. त्याला एक कागद द्या, एक पेन्सिल द्या, आणि त्याची कथा एका पानात लिहून आमच्याकडे पाठवू द्या. फेणे असो वा नसो, मात्र गुन्हा आपल्या आसपासचा असावा आणि तपास करणारे पोर आपल्या गल्लीतले असावे. निवडक कथा याच पानावर छापू, आणि कथेखाली नाव त्या पोराचेच राहील.